अण्णांच्या झुकिन्या

सूनबाई सकाळी स्वयंपाकघरात आली आणि दारातच थबकली. ओट्यावर जुना टॉवेल पसरून त्यावर एक झुकिनी निजवली होती. घरातल्या खऱ्याखुऱ्या बाळाला, म्हणजे ठमीला, शेजारी झोपवलं असतं तर ठमीच थोडी आखूड भरली असती.

"आई, ओट्यावर नको ना. तिथं ठमीच्या वाट्या असतात."

"मग कुठं ठेवू, डोक्यावर?" सासूबाई गाल धरून म्हणाल्या. त्यांची दाढ ठणकत होती, त्यामुळे प्रत्येक शब्द अर्धा गिळलेला येत होता. "टेबलाखाली त्याच, कपाटावर त्याच, न्हाणीघरात बादलीशेजारी त्याच. मागचं अंगण आहे की प्रसूतिगृह, काही कळत नाही."

चूक कुणाची होती म्हणावं तर सगळ्यांचीच. नणंदेनं नवीन घर घेतलं म्हणून सारं घर तिच्याकडे जाऊन राहिलं, आणि इकडं सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, झाडांना मोकळं रान मिळालं. जाताना बोटाएवढ्या असलेल्या झुकिन्या परत येईपर्यंत मांडीएवढ्या झाल्या होत्या. खरखरीत पानं बाजूला करून अण्णांनी पहिली उपसून काढली तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला, की जणू बक्षीस लागलं. सूनबाई मात्र तेव्हाच सुरीला धार लावायला आत गेली होती.

कारण ती चिरणं तिच्या वाट्याला यायचं. साल टाचेसारखी निबर. सुरी आत शिरताना कुरकुर करायची आणि मग एकदम फसकन रुतायची. आत ओला स्पंज, आणि मधोमध बियांचा बुळबुळीत गुंता, कुणी सर्दी झालेल्यानं नाक शिंकरून ठेवावं तसा. तो हातानं ओरबाडून काढायचा, तर बोटांना चिकटून तारा लोंबायच्या. शिजली की घरभर ओल्या पोतेऱ्याचा वास सुटायचा. आणि हे सगळं रोज. परतून झालं, तळून झालं, किसून झालं, सूप झालं. एकदा तर केकमध्ये घातली. केक कापला तेव्हा आतून हिरव्या दोऱ्या लोंबत होत्या, आणि नवरा म्हणाला, "हा केक आहे का मोजा विणायला घेतलाय?"

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. त्यानं एक झुकिनी पिशवीत घालून बसच्या सीटवर मुद्दाम विसरण्याचा प्रयत्न केला. ड्रायव्हरनं बस थांबवून, खाली उतरून, पळत येऊन ती त्याच्या हातात दिली होती. शेजारणी तर आता घंटी वाजली की आधी पडद्याआडून बघायच्या.

पण अण्णांपुढं कुणी "पुरे" म्हणत नव्हतं. उभी हयात त्यांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला होता. शेकडो कामगारांचं जेवण त्यांच्या एका पळीवर ठरायचं. पळीचं टोक जिभेला लावायचे आणि मीठ किती कमी, आंबट किती जास्त, डोळे मिटून सांगायचे. ताटात टाकलेलं अन्न दिसलं की ते टाकणाऱ्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहायचे, नुसते बघत. तेवढ्यानं माणूस गपचूप ताट पुसून खायचा. अशा माणसानं स्वतः पिकवलेलं कोण फेकणार?

आणि आज तर खास दिवस होता. ठमीला वरचं अन्न सुरू करायचं होतं, आणि पहिला घास आपल्या बागेतला, आपल्या हातानं शिजवून आपणच भरवायचा, असं अण्णांनी जाहीर करून टाकलं होतं. ओट्यावर टॉवेलात निजवलेली ती त्यासाठीच होती.

सासूबाई दाढेच्या डॉक्टरकडे निघाल्या. जाता जाता अण्णांना म्हणाल्या, "मी येईपर्यंत थांबा हं. मी आल्यावर शिजवा."

"झुकिनी शिजवायला तुझी परवानगी? बावळट समजतेस का मला?"

"थांबा म्हणते ना!" एवढं बोलून, गाल धरून त्या गेल्या.

त्या गेल्याबरोबर अण्णांनी अॅप्रन चढवला.

सुटीचा दिवस म्हणून नवरा घरी होता. त्यानं बायकोला बाजूला घेतलं. "एक ऐकशील? आज तू चाखू नकोस."

ठमीच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट सूनबाई आधी स्वतः चाखायची. पाणीसुद्धा. औषधाचा थेंबसुद्धा. घरात तिला 'तपासनीस' म्हणायचे, ती हसून घ्यायची, पण सवय सोडत नव्हती.

"अण्णांना लागतं ते," नवरा म्हणाला. "ठमीचं पाणी, औषध त्यांनी चाखून दिलं तरी तू पुन्हा चाखतेस. अगं, ज्यांच्या जिभेवर कारखाना जेवला त्यांना हे कसं वाटत असेल? परवा म्हणाले मला, सूनबाईला माझा भरवसा नाही."

"भरवशाचा प्रश्न नाही रे."

"मग कशाचा?"

बाळ झाल्यापासून तिला प्रत्येक वस्तूच्या आत काहीतरी दबा धरून बसलेलं वाटायचं, एवढंच.

"फक्त आज," नवरा म्हणाला.

"बरं. आज नाही."

अण्णांनी झुकिनी सोलली, चिरली, उकडली. आतला गुंता आणि सालं त्यांनी सवयीनं बेसिनमध्ये लोटून दिली. कँटीनमध्ये मागं आवरायला माणसं असायची. इथं सूनबाई होती. बेसिनची जाळी तुंबली आणि फिकट हिरवं पाणी चढत चढत वर आलं. त्यात बिया तरंगत होत्या, एखाद्या मोठ्या माशाच्या दातांसारख्या. तिनं श्वास रोखून हात आत घातला. गरगरीत, कोमट, निसटता लगदा. मुठीत धरावा तर बोटांच्या फटींतून बाहेर. तिला ओकारी आली, ती तिनं परत गिळली.

सालांवर फिके पट्टे होते. आधीच्या झुकिन्या एकरंगी, गडद होत्या. "अण्णा, ही वेगळी दिसते."

"कुंपणाजवळच्या झाडाची आहे. उशिरा धरलं ते. काल शेजारी वाटल्या त्या त्याच झाडाच्या. बी घरचंच, गेल्या वर्षी मीच राखलेलं." अण्णांनी लगदा घोटला, चमच्याचं टोक जिभेला लावलं, डोळे मिटले. "अहाहा! लोणी आहे, लोणी. बस गं ठमाबाई, बस आजोबांजवळ."

ठमीला उंच खुर्चीत बसवलं. गळ्यात लाळेरं बांधलं. नवऱ्यानं फोटोसाठी मोबाइल वर धरला.

तेवढ्यात बेसिनमधल्या घाणीचा एक शिंतोडा सूनबाईच्या ओठावर उडाला. तिनं दंडानं तोंड पुसलं, पण उशीर झाला होता. जिभेच्या टोकाला काहीतरी लागलं आणि तिथून ते पार घशापर्यंत पसरत गेलं. कडू. तोंडात गोळी विरघळावी तसा, थुंकलं तरी न जाणारा कडूपणा. ती बेसिनमध्ये थुंकली, पुन्हा थुंकली.

"अण्णा, थांबा! कडू आहे ते!"

चमचा ठमीच्या तोंडाजवळ थांबला. ठमीनं आ वासलेलाच होता.

अण्णांनी मान वळवली. "मी आत्ता चाखलं."

"अगं," नवरा म्हणाला. फक्त तेवढंच, पण त्यात सकाळचं सगळं बोलणं होतं.

"माझ्या ओठावर उडालं. खरंच कडू आहे. तू चाख."

"मी नाही चाखणार," नवरा म्हणाला. "अण्णांनी चाखलंय."

"कडू म्हणे." अण्णा हळू आवाजात बोलले, म्हणजे ते चिडले होते. "बघ हं, पोरी." त्यांनी वाटी उचलली आणि तिच्याकडे बघत चमच्यामागून चमचा खायला सुरुवात केली. हिरवट लगदा त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांतून ओघळत होता, हनुवटीवरच्या पांढऱ्या खुंटांत अडकत होता. वाटी निपटून काढली, चमचा चाटला, ओठ पुसले. कपाळावर एक आठी नाही. "कुठंय कडू?"

सूनबाई क्षणभर गडबडली. मग वाटलं, आपल्यालाच भास झाला असेल. तोंडाला कोरड असते हल्ली, झोप नसते. पण जिभेवरचा तो कडूपणा हलत नव्हता, आणि अण्णांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कडू नव्हतं ते ठीक. पण गोडही नव्हतं, गरमही नव्हतं. भिंतीला रंग लावावा तसं त्यांनी ते खाल्लं होतं.

अण्णांनी पातेल्यातून पुन्हा चमचा भरला आणि ठमीकडे वळले.

सूनबाईनं झडप घालून तो चमचा त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या तोंडात कोंबला.

दिलेला शब्द तिथंच मोडला. पुढच्याच क्षणी तिनं ते सगळं टेबलावर थुंकलं. लाळेसकट, आवाजासकट, अण्णांच्या समोर. डोळ्यांतून पाणी आलं. "चाख," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्यासाठी नको, तिच्यासाठी चाख."

नवऱ्यानं बोटाचं टोक पातेल्यात बुडवून जिभेला लावलं. त्याचं तोंड आक्रसलं, मोबाइल खाली आपटला, आणि तो बेसिनकडे धावला.

टेबलावर ते थुंकीचं हिरवं थारोळं पडलं होतं. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. कँटीनमध्ये टाकलेल्या ताटाकडे बघायचे तसे. पण या वेळी मान त्यांचीच खाली गेली.

"इतकं कडू आहे?" त्यांनी विचारलं.

बेसिनपाशी नवरा अजून चुळा भरत होता. ठमी टेबल बडवत होती, तिला तिचा घास हवा होता.

सासूबाई गालात कापसाचा बोळा धरून परत आल्या तेव्हा अण्णा न्हाणीघरात बादलीवर वाकले होते आणि सूनबाई त्यांचं कपाळ धरून उभी होती. बाहेर पडत होतं ते हिरवं होतं, मग पिवळं, मग नुसतं पाणी. पोटही सुटलं होतं. त्या अरुंद खोलीतला वास सहन होत नव्हता. सूनबाईनं तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केली, तर वासाची चव लागू लागली. भिंतीशी उरलेल्या झुकिन्या ओळीनं पहुडल्या होत्या, एकदम तुकतुकीत.

"माझ्याशिवाय शिजवू नका म्हटलं होतं ना!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. कापसामुळे बोबडं येत होतं, पण ऐकू स्पष्ट गेलं. "त्या मोठ्या तापापासून काही लागत नाही ह्यांना. मीठ लागत नाही, साखर लागत नाही. रोज मी आधी चाखून ह्यांच्या कानात सांगते."

"आई, मला नाही सांगितलंत?"

"कुणालाच नाही सांगितलं. शपथ घातली होती मला."

अण्णा बादलीतच बोलले. "आता सांगितलंस ना? झालं."

नवऱ्यानं गाडी काढली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बी विकतचं का घरचं?"

"घरचं," नवरा म्हणाला.

"झाडाजवळ शोभेचे भोपळे होते का कुणाचे?"

शेजारच्या कुंपणावर गेल्या वर्षी होते. रंगीत, गाठीगाठींचे, दारात मांडून ठेवायचे. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. त्यांचा पराग झुकिनीच्या फुलाला लागला, की फळ नेहमीसारखंच दिसतं, पण त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी विषारी कडूपणा उगवू शकतो, म्हणाल्या. शिजवून तो जात नाही. जिभेला कळतं म्हणून माणसं वाचतात. "यांनी वाटीभर खाल्लं कसं, तेच मला कळत नाही. बाळाला दिलं नाहीत ना?"

"नाही," सूनबाई म्हणाली आणि ठमीला इतकं घट्ट धरलं, की ती रडायला लागली.

सलाईन लावल्यावर अण्णांनी डोळे उघडले. आवाज फाटका येत होता. "सूनबाई. काल शेजारी वाटल्यात मी. कुंपणाजवळच्या झाडाच्या."

मग ती ठमीला कडेवर घेऊन घरोघरी गेली. घंटी वाजवायची, पडदा हलायचा, आणि आतून कुणीतरी ओरडायचं, "नकोत गं बाई, आहेत अजून!"

"द्यायला नाही आले. खाल्ली का ते विचारायला आले. विषारी निघालीय."

पहिल्या शेजारणीनं तोंडावर हात धरला आणि मग ओशाळून म्हणाली, "खरं सांगू? तुम्ही वळल्याबरोबर कचऱ्यात गेली." दुसऱ्या घरी ती डबक्यात भिरकावली होती. शिंपीकाकांनी तर तिला मागच्या दारी नेऊन दाखवली. उकिरड्यावर उन्हात फुटून पडली होती, आतला बुळबुळीत गुंता बाहेर आला होता आणि त्यावर माश्यांचं मोहोळ उठत-बसत होतं. सूनबाईनं ठमीचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. पण हलली नाही, नीट बघून घेतलं. अख्खी होती. कुणी एक चकतीसुद्धा कापली नव्हती.

दवाखान्यात परतली तेव्हा अण्णा दाराकडेच बघत होते. तोंडाला अजून आंबट वास येत होता.

"कुणी खाल्ली?"

"कुणीच नाही, अण्णा. सगळ्यांनी टाकून दिल्या."

"सगळ्यांनी?"

"एकूण एक. कचऱ्यात, डबक्यात, उकिरड्यावर. शिंपीकाकांच्या तर दारातच सडतेय."

अण्णांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळून कानात गेलं, ते त्यांनी पुसलं नाही. "छान केलं," ते म्हणाले. "फार छान केलं माणसांनी."