भोंग्याच्या पोराचं नाव

"नाव ठेवायला लागतंय काय? पाच मिनिटांचं काम!" पोरगा झाला त्या दिवशी भोंग्यानं हे अख्ख्या बसस्टँडला सांगितलं होतं. अख्ख्या म्हणजे खरोखरच अख्ख्या, कारण सांगितलं ते माइकवरून, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात.

त्या पाच मिनिटांना आता सहा आठवडे झाले होते.

भोंगा म्हणजे स्टँडवर घोषणा देणारा. बावीस वर्षं काचेच्या केबिनमध्ये बसून तो गाड्या, फलाट आणि हरवलेली माणसं पुकारत होता. त्याचा आवाज असा की 'गाडी लागली आहे' म्हटलं की लोक गाडी न बघताच धावत सुटायचे. घरी मात्र तो बोलायला लागला की लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे.

अडचण अशी होती की त्यानं शब्द देऊन ठेवला होता. त्याचे वडील ड्रायव्हर. आठ वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात भोंग्यानं माइक हातात घेऊन जाहीर केलं, "बाबा, मला मुलगा झाला तर त्याला तुमचंच नाव!" टाळ्या पडल्या. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचं मन भरून आलंय, असं भोंग्यानं धरून ठेवलं. आता ते नाव पोराला मिळालं नाही तर बापाला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं त्याला जेवण जात नव्हतं.

बायकोला जेवण व्यवस्थित जात होतं. ती म्हणायची, "नाव आहे की जुनी तिजोरी? उच्चारायलाच दोन मिनिटं लागतात. शाळेत हजेरी घेता घेता बाईंना दम लागेल." तिनं मोबाईलवरून एक दोनअक्षरी नाव काढलं होतं. अर्थ बघायलाही मोबाईलच उघडावा लागायचा. पण अख्ख्या गावात ते नाव कुणाचंच नाही, अशी तिची खात्री होती.

आज शेवटचा दिवस होता. पाच वाजेपर्यंत जन्मनोंदणीच्या ऑफिसात नाव दिलं नाही तर दाखल्यावर नावाची जागा कोरी राहणार, आणि ती पुढे भरायची म्हणजे वकील, शपथपत्र आणि सतरा खेपा. भोंग्याची ड्यूटी तीनला संपत होती. बायको दीड वाजताच बाळाला घेऊन केबिनमध्ये येऊन बसली, म्हणजे त्याला पळायला जागा नको.

"अहो, ठरलं का?"

"ठरवायचंय काय? नाव म्हणजे हाक. हाक मारून बघायची. जी टिकेल ती खरी."

"मारा मग."

दुपारचा गाड्यांचा खंड होता. भोंग्यानं माइकचं बटण वर केलं. माइक चालू असला की पेटणारा लाल दिवा गेल्या आठवड्यातच गेला होता, पण त्याला दिव्याची गरज नव्हती. बोलून झालं की त्याचा अंगठा आपोआप बटण खाली पाडायचा. बावीस वर्षांत एकदाही अंगठा चुकला नव्हता. त्यानं घसा साफ केला, बापाचं नाव सावकाश, सगळ्या अक्षरांना न्याय देत पुकारलं आणि म्हणाला, "जिथे असतील तिथून त्यांनी चौकशी खिडकीवर यावे."

पाच मिनिटांत केबिनच्याच त्या खिडकीवर नऊ म्हातारे उभे राहिले. एक जण न्हाव्याच्या खुर्चीतून तसाच उठून आला होता, एका गालाला फेस. एक जण सुटायला आलेल्या गाडीतून उतरला होता.

"माझं काही हरवलंय का?" पहिल्यानं विचारलं.

"नाही काका."

"मग सापडलंय का?"

बायकोनं म्हाताऱ्यांवरून नजर फिरवली. "बघा, बाळाचा वर्ग. यातल्या सगळ्यात लहान मुलाला चार नातवंडं असतील."

"चेष्टा नको. तू बोलाव तुझ्यावाल्याला."

तिनं बाळ त्याच्या खांद्यावर दिलं, पदर सारखा केला आणि माइकचं बटण वर केलं. आवाज नाजूक होता, पण गेला लांबवर. "...जिथे असेल तिथून त्याला चौकशी खिडकीवर आणावे."

आधी फलाटावरून दोन आया धावत आल्या, दोघींच्या कडेवर एकाच नावाचं एकेक पोर आणि दोघींच्या हातात एकसारखी पाण्याची बाटली. मग उपाहारगृहातून तीन आल्या. एक पोरगा बिस्कीट चघळत स्वतःच चालत आला. शेवटी पाचव्या फलाटाकडून एक पांढरं, केसाळ कुत्रं आलं, मालकाला साखळीसकट ओढत.

भोंग्यानं कुत्र्याकडे हनुवटी केली. "हा तुझ्या बाजूचा वर्गप्रमुख वाटतं?"

बायकोनं बाळ परत घेतलं आणि पाठ फिरवली. तिच्या मनाला लागलं, हे भोंग्याला कळलं, म्हणून त्यानं पुढचा टोमणा गिळला. खिडकीवरचे म्हातारे आणि आया पुटपुटत पांगले. न्हाव्याकडून आलेला म्हातारा फेस पुसत जाताना म्हणाला, "उगाच माणसाचा जीव टांगणीला लावतात."

तेवढ्यात दार ढकलून दहावा म्हातारा आत आला. हे भोंग्याचे बाबा. निवृत्त झाले तरी रोज दुपारी सवयीनं तिसऱ्या फलाटाच्या बाकावर येऊन बसायचे.

"मला कशाला पुकारलंस? गुडघा धरत आलो तिथून."

"बाबा, ते... बाळाच्या नावाचं चाललं होतं. तुमचंच नाव ठेवतोय. शब्द दिलाय ना."

बाबांनी स्टूल ओढलं. "नको रे बाबा."

"नको?"

"मला ते नाव कधीच आवडलं नाही. डेपोत सहा जण होतो आम्ही त्या नावाचे. माझी रजा दुसऱ्याला मिळायची आणि दुसऱ्याची शिक्षा मला. तू त्या कार्यक्रमात बोललास ना, तेव्हा मला खिडकीतून उडी मारावीशी वाटली."

"मग तेव्हाच सांगायचंत की!"

"तू बोलत असताना कुणाला बोलता येतं?"

सूनबाईंनी तोंडाला रुमाल लावला. भोंगा खाली बसला. आठ वर्षं डोक्यावर वागवलेला शब्द कुणाला नकोच होता.

"मग तुम्हीच सांगा बाबा," बायको म्हणाली. "तुम्हाला काय आवडतं?"

बाबा बाळाच्या पायाचा अंगठा धरून बसले होते. "एक होतं. पूर्वी एका नदीकाठी गाडी मुक्कामाला न्यायचो. तिथे एका नावेवर लिहिलेलं होतं. हे भोंगं जन्मलं तेव्हा तेच ठेवणार होतो. पण माझ्या बापानं ठेवू दिलं नाही." आणि त्यांनी ते नाव सांगितलं.

बायकोनं ते हळूच म्हणून बघितलं. पुन्हा म्हटलं. भोंग्यानं ते घोषणेच्या सुरात तीनदा म्हटलं. कुठेच अडकलं नाही.

"जुनं आहे," तो म्हणाला.

"पण नवं वाटतं," ती म्हणाली.

"आणि कुणाचंच नाही," बाबा म्हणाले.

बाळानं ढेकर दिला. भोंग्यानं काचेतून बाहेर बघितलं. अख्खा स्टँड शांत होता. कंडक्टर तिकिटं फाडायचे थांबले होते, लोक माना वर करून खांबावरच्या कर्ण्याकडे बघत होते, एक म्हातारी डोळे पुसत होती. बाकावरची एक पोटुशी बाई तिकिटाच्या मागे काहीतरी लिहून घेत होती. गाडीची वेळ असेल, असं भोंग्याला वाटलं.

तीनला बदलीचा माणूस आला. येताच त्यानं बटण खाली पाडलं आणि भोंग्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. भोंगा बाळाचं टोपडं बांधत होता.

जन्मनोंदणीच्या खिडकीवर नेहमीपेक्षा मोठी रांग होती. त्यांचा नंबर पावणेपाचला लागला. भोंग्यानं छाती काढून नाव सांगितलं. कारकुनानं पेन खाली ठेवलं.

"अहो, आज झालंय तरी काय? अठरा वर्षं या खुर्चीत बसतोय, सकाळपर्यंत हे नाव कानावर आलं नव्हतं. जेवून आल्यापासून हे पाचवं."

"पाचवं? कुणी सांगितलं त्यांना?"

"स्टँडवर घोषणा झाली म्हणे," रांगेत मागे उभा असलेला एक नवा बाप म्हणाला. त्याच्या हातातही फॉर्म होता. "बाईंचं बोलणं झालं आणि माइक चालूच राहिला. आजोबांची ती नावेची गोष्ट छान होती हो. आमच्या हिला रडू आलं."

भोंग्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं भोंग्याच्या अंगठ्याकडे बघितलं. बाबा म्हणाले, "पाच वाजायला दहाच मिनिटं आहेत. लिहा."

कारकुनानं लिहिलं. एकाच नावाचे सगळे फॉर्म एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यानं नावाच्या पुढे पेन्सिलीनं छोटासा पाचाचा आकडा घातला. दाखला आठ दिवसांनी मिळाला. टाइप करणाऱ्यानं तो पाचही टाइप केला होता.