इंजिन काही बिघडेना

शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं फार महाग होत चालली, म्हणून शर्यत मंडळाने एक दिवस फर्मान काढलं. यापुढे काही वर्षं कुणी इंजिन सुधारायचं नाही. आहे तसं ठेवायचं आणि वर मंडळाचं सील लावायचं. जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांचा हा खेळ, आणि त्यात नवा गुन्हा ठरला तो वेग वाढवण्याचा. पळवाट एकच होती. इंजिन मोडत असेल, तर ते मोडू नये म्हणून बदल करता येत असे. मंडळ तसं कनवाळू होतं, आजाऱ्याला औषध नाकारत नव्हतं.

या कनवाळूपणाने सगळ्यात मोठी पंचाईत केली ती इंजिनवाल्या बाईंची. कारखान्यात त्यांना सगळे याच नावाने ओळखत. इंजिन विभागाच्या त्या प्रमुख, आणि त्यांचं इंजिन ताकदीला जरा कमी असलं तरी बंद पडत नसे. ताकद वाढवणाऱ्या नव्या सिलिंडर हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, डिझाइन त्यांच्या संगणकात कधीचं तयार होतं. त्याच्यासाठी त्यांनी सुट्ट्या घालवल्या होत्या, एका भाचीचं लग्नही बुडवलं होतं. पण धडधाकट इंजिनाला नवं हेड बसवायची परवानगी कोण देणार?

शेजारच्या संघाचं छान चाललं होतं. त्यांचं इंजिन अधूनमधून भरशर्यतीत धूर सोडायचं, त्यांचे प्रमुख सुतकी चेहऱ्याने मंडळापुढे उभे राहायचे, आणि औषधपाणी होऊन आलेलं इंजिन पूर्वीपेक्षा जोरात पळायचं. आजारपण इतकं मानवलेलं इंजिन बाईंनी पाहिलं नव्हतं.

शेवटी साहेबांनी, म्हणजे संघाच्या प्रमुखांनी, बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

“बाई, तुमच्यामुळे आपण हरतोय.”

“माझं इंजिन या मोसमात एकदाही बंद पडलेलं नाही, साहेब.”

“तेच म्हणतोय मी.”

साहेबांनी बेत आखूनच ठेवला होता. पुढच्या शर्यतीत रेडिएटरकडे हवा जाणारी वाट चिकटपट्टीने अर्धी बंद करायची. इंजिन तापेल, हेड तडकेल, टीव्हीवर साऱ्या जगाला धूर दिसेल. मग नव्या हेडला कोण नाही म्हणणार?

“आणि गाडीत बसलेला माणूस?”

“त्याला काही होत नाही. गाडी बंद पडते, तो उतरून चालत येतो. हरायची त्याला सवय आहे.”

घरी बाईंनी हे नवऱ्याला सांगितलं. तो दातांचा डॉक्टर. भांडी पुसता पुसता त्याने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे नवी कवळी मिळावी म्हणून चांगला दात पाडायचा.”

“नवी कवळी फार सुंदर आहे रे,” बाई म्हणाल्या आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

शर्यतीच्या सकाळी चिकटपट्टी त्यांनी स्वतः लावली. दुसऱ्या कुणाच्या हातून हे पाप घडू नये, एवढीच काय ती नीती उरली होती. संघाच्या चालकाला सगळे भोपळा म्हणत, कारण मोसमभर त्याच्या नावावर एकही गुण नव्हता. त्याला या बेताचा पत्ता नव्हता. आज तरी भोपळा फुटेल, या आशेने तो बिचारा दर वेळेसारखाच देवाला नमस्कार करून गाडीत बसला.

शर्यत सुरू झाली. तापमानाचा काटा चढत गेला, बाई पडद्यासमोर बसून बघत राहिल्या. इंजिन तापलं, कुरकुरलं, पण मोडायचं नाव घेईना. उलट पुढच्याच गाड्या एकेक करून गळू लागल्या. दोघे एकमेकांवर आदळले, एकाचं चाक निखळलं. मग शेजारच्या संघाच्या, सगळ्यांच्या पुढे असलेल्या गाडीने सवयीप्रमाणे धूर सोडला. भोपळा पहिल्या नंबरावर आला.

साहेब धावत बाईंच्या खुर्चीमागे आले. त्यांचा आवाज एकदम मायाळू झाला होता.

“बाई, हे इंजिन टिकायला पाहिजे.”

“सकाळी मोडायला पाहिजे होतं.”

“सकाळचं सोडा. पट्टी काढता येईल का?”

“त्यासाठी गाडी थांबवावी लागेल. थांबवली तर नंबर गेला.”

काटा आता लाल रेषेला टेकला होता. भोपळ्यापुढे एक अख्खी फेरी मागे पडलेली गाडी रेंगाळत होती आणि तिची सगळी गरम हवा थेट त्याच्या रेडिएटरवर येत होती. हेड तडकायला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. बाईंनी नुसतं गप्प बसायचं होतं. हवं ते आयतं पदरात पडत होतं.

त्यांनी माईक ओढला. “मी बोलतेय, इंजिनवाली. त्याच्या मागे चिकटून राहू नकोस. सरळ रस्त्यावर डावीकडे हो, मोकळी हवा घे. वळणाआधी पाय थोडा लवकर उचल.”

“वेळ जाईल, मॅडम.”

“जाऊ दे. इंजिन राहील.”

काटा हळूहळू खाली आला. भोपळ्याने शर्यत जिंकली, आणि रेडिओवर तो इतका रडला की शब्द कळेनात. साहेबांनी वार्ताहरांना सांगितलं की हा विजय दूरदृष्टीच्या नियोजनाचा आहे. मंडळाचे अध्यक्ष जातीने बाईंना भेटायला आले.

“नियमामुळे कुणाचं नुकसान होत नाही, हे तुमच्या इंजिनाने सिद्ध केलं,” ते म्हणाले. “आता बंदी आणखी दोन वर्षं वाढवायला कुणी हरकत घेणार नाही.”

बाईंनी त्यांचे आभार मानले. मग विचारलं, “इंजिन एकदा उघडून बघू का? एवढं तापून ते टिकलं कसं, ते मला बघायचंय.”

“ते बिघडलंय का?”

“नाही.”

“मग सील कशाला तोडायचं?” अध्यक्ष हसून म्हणाले आणि फोटोसाठी त्यांच्या शेजारी उभे राहिले.