सतरावं प्रकरण

दादाला मी शंभरदा सांगितलं होतं, संस्थेची वेबसाइट स्वतःच्या होममध्ये ठेवू नकोस. सर्व्हरवर प्रत्येकाला आपलं असं एक फोल्डर मिळतं, त्याला होम म्हणतात. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं खातं काढतात आणि बरोबर होमही पुसलं जातं. साइटसाठी कोणाच्याही नावावर नसलेली जागा वेगळी असते. "घरात ठेवलेली वस्तू निदान सापडते तरी," असं म्हणून तो मला उडवून लावायचा. आम्ही दोघं एकाच धंद्यातले, पण धाकट्या बहिणीचं ऐकलं तर त्याचं थोरलेपण कमी झालं असतं ना.

तो नोकरी सोडून गेला नाही. नऊ आठवड्यांपूर्वी हृदय बंद पडून गेला, बेचाळिसाव्या वर्षी.

ही संस्था अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करते. सर्व्हर सांभाळता सांभाळता दादा स्वतःही वाचायचा. एका खलाशावरची जाडजूड कादंबरी त्याने खास आईसाठी घेतली होती, कारण गेल्या वर्षी तिची नजर गेली. वीसपैकी अकरा प्रकरणं झाली होती. तो गेल्यावरही आई रोज दुपारच्या जेवणानंतर टॅब मांडीवर घेऊन साइटवरून कादंबरी ऐकत बसायची. तिच्या दिवसात तेवढंच उरलं होतं. मी दुसऱ्या खोलीत निघून जायचे. मला तो आवाज सहन होत नव्हता.

मंगळवारी सकाळी संस्थेच्या संचालक बाईंचा फोन आला. महिन्याभरापूर्वी त्यांच्या ऑफिसने दादाचं खातं रीतसर काढून टाकलं होतं, होमसकट. "पण साइट चालूच आहे हो," बाई म्हणाल्या. "फायली कुठे आहेत, कोणालाच सापडत नाहीयेत. तुम्ही येऊन बघता का?"

मी गेले. सर्व्हरच्या खोलीत एसी घरघरत होता आणि दादाचा स्वेटर अजून खुर्चीच्या पाठीवर होता. होम खरंच पुसलेलं होतं. मात्र साइट तरीही कशी चालू आहे, ते माझ्या लगेच ध्यानात आलं. एखाद्या चालू प्रोग्रामने फाइल उघडून धरली असेल, तर पुसल्यावर ती यादीतून जाते, डिस्कवरून जात नाही. प्रोग्राम थांबला की मगच ती कायमची जाते. पुस्तकं ऐकवणारा प्रोग्राम चार महिने थांबला नव्हता आणि सगळी पुस्तकं त्याच्या मुठीत होती. एकदा वीज गेली असती, तरी आईची दुपार संपली असती.

मी एसआरव्ही नावाचं फोल्डर निवडलं. ते कोणाचं घर नाही, त्याचा रोज बॅकअप होतो, साइटने तिथेच असायला हवं होतं. प्रोग्रामच्या मुठीतून एकेक फाइल काढून मी तिथे ठेवू लागले. बाकीची पुस्तकं बरोबर जुळली. कादंबरीची प्रत मात्र मूळ फाइलपेक्षा जरा लहान निघाली. पुन्हा काढली, तरी लहानच, आणि या वेळी दोन्ही आकडे आधीपेक्षा मोठे. मूळ फाइल वाढत होती.

पुसलेली फाइल, तीही ध्वनिमुद्रणाची, आणि वाचणारा माणूस आम्ही स्वतः पोचवून आलेला. दादानेच काहीतरी विचित्र जोडून ठेवलं असणार म्हणून मी त्याच्यावर चरफडले. मग हेडफोन लावून शेवटचा मिनिटभराचा तुकडा ऐकला. दादा सतरावं प्रकरण वाचत होता. सावकाश, नेहमीसारखं. पान उलटल्याचा आवाज आला. "आई, दमलीस तर सांग हं," तो म्हणाला आणि पुढे वाचू लागला.

नव्या जागेवरून फायली उचलायला लावायच्या, तर प्रोग्राम एकदा थांबवून सुरू करावा लागतो. पण घाई काहीच नव्हती. मी थांबू शकले असते, आईला विचारू शकले असते. खरं सांगायचं तर मी ते नियम म्हणून केलं नाही, मला तो आवाज बंद व्हायला हवा होता. मी रीस्टार्ट दिला. दोन सेकंदांत काम झालं. कादंबरीचा आकडा आता हलत नव्हता, आणि बाईंना मी सगळं सुरक्षित असल्याचं कळवून टाकलं.

पावणेदोनला आईचा फोन आला.

"अगं, आज तो मध्येच थांबलाय. वाक्यसुद्धा पुरं केलं नाही."

"आई, तुझी अकराच प्रकरणं होती ना?"

"तेव्हा अकरा होती. नंतर रोज थोडं थोडं वाचायचा. तुला सांगितलं असतं तर तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस."

पलीकडे ती टॅबवर तेच अर्धं वाक्य पुन्हा पुन्हा लावत होती.

"तू आज त्याच्या ऑफिसात गेली होतीस ना?"

"हो."

"मग कुठे ठेवलंस गं त्याला?"