जोत्याची खूण

पिपरी मेघेच्या टोकाला, टेकडीच्या उतारावरच्या प्लॉटवर तानबा मिस्त्री चुन्याची फक्की मारायला लागला, तेव्हा सानू प्रेरणाच्या कडेवर पेंगत होती आणि प्रेरणा उभ्या उभ्या. दीड वर्षाची पोर. मागच्याच आठवड्यात कूलरच्या स्टँडवर चढून खिडकीत जाऊन बसली होती. तेव्हापासून प्रेरणाचा डोळा धड लागला नव्हता.

घराचा नकाशा तिनं चार वेळा बदलून घेतला होता. रस्त्याच्या लेव्हलला बैठक, दहा पायऱ्या खाली स्वयंपाकघर, आणखी दहा पायऱ्या खाली, जमिनीला टेकलेल्या, झोपायच्या खोल्या. टेकडी उतरते तसं घर उतरणार. पोर खिडकीतून पडली तरी दोन-तीन फुटांवरून, मातीत. पण सासऱ्यांनी, मधुकररावांनी, कालच मिस्त्रीला तो नकाशा गुंडाळून ठेवायला सांगितलं. सगळं घर एकाच जोत्यावर, सपाट.

"आन जोतं रस्त्याच्या वर तीन फूट पाहिजे," ते आजही म्हणाले. "गावी समुद्रपूरले पूर आला तवा आपलं घर जोत्यानंच वाचलं. पानी शेजारच्याच्या चुलीत गेलं, आपल्या उंबऱ्याले शिवलं नाई."

"मामाजी, ती काळी जमीन, सपाट. इथं पाणी थांबणार कुठं?"

"पानी तुले विचारून येनार हाय का?"

निकेश नेहमीसारखा बायको आणि बाप यांच्या मधोमध उभा होता, म्हणजे गप्प.

प्रेरणात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. उद्या खोदकाम. "बरं," ती म्हणाली. "तानबाभाऊ, मागच्या कोपऱ्यात जोतं किती उंचावर येतं, तेवढं दाखवा. मग करा तुमचं."

तानबानं लेव्हलची पारदर्शक नळी पाण्यानं भरली; तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर ठरतं. एक टोक निकेशनं रस्त्याकडच्या खुंटावर, तीन फुटांच्या खुणेला धरलं. दुसरं तानबानं दहा फुटी बांबूच्या शेंड्याला बांधलं.

"आन इकडं, मीच धरतो," म्हणत मधुकरराव बांबू घेऊन मागच्या कोपऱ्यात उतरले आणि तो उभा केला.

"पानी कुठं ठरलं, मालक?" तानबानं वरून विचारलं.

पाणी कुठंच ठरत नव्हतं. ते शेंड्यावरून धार लावून मधुकररावांच्या टोपीवर पडत होतं.

"नळी फुटली का रे?"

"नाई मालक. बांबू पुरला नाई. जोतं त्याच्याहून आनखी चारेक फूट वर हाय."

मधुकररावांनी मान वर केली. तिथं, मोकळ्या हवेत, नातीच्या खोलीची फरशी येणार होती. टोपीतून पाणी गळत राहिलं, ते बघत राहिले.

"एवढ्या वर लेकरू झोपवाचं?" ते म्हणाले. मग मिस्त्रीवर घसरले, "तू काऊन बोलला नाई?"

"तुमी बोलू देल्लं तं बोलीन ना."

वर चढताना ते दोनदा थांबले. प्रेरणाकडे न पाहता म्हणाले, "काढ तो नकाशा. पन पुढच्या खोलीले एक फूट जोतं राहू दे. इतकं तं ऐकशीन?"

"राहू द्या, मामाजी."

जिंकल्यासारखं तिला काही वाटलं नाही. तानबा पायऱ्यांच्या रेघा मारत खाली सरकला. दहा, मग आणखी दहा. सानू जागी झाली, कडेवरून घसरली आणि पहिल्या पांढऱ्या रेघेवर पाऊल ठेवून पुढची शोधायला लागली. प्रेरणानं तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरलं आणि तिच्या मागं, कमरेत वाकून, उतरायला लागली.