टमी

छबूबाईंची नात राजनंदिनी चार वर्षांची झाली, तरी घरात कुणाशी मराठीत धड एक वाक्य बोलत नव्हती. मुकी नव्हती, उलट दिवसभर तिची बडबड चालायची. पण ती सगळी मोबाइलमधल्या कार्टूनची इंग्रजी, आणि छबूबाईंना त्यातलं अक्षर कळायचं नाही. पिंपळी गावात आधी याचं कौतुकच झालं. शेजारची भागूबाई पोरीच्या गालावरून हात फिरवायची, तेव्हा छबूबाई म्हणायच्या, "शाळंत न जाताच शिकली बग."

मोबाइल त्यांनीच तिच्या हातात दिला होता. सून रेश्मा एमआयडीसीतल्या कंपनीत, मुलगा ज्ञानेश दुधाच्या टेम्पोवर, पार इंदापूरपर्यंत फेऱ्या. घरी दोन गाई, दीड एकर भेंडी आणि ही पोर. भेंडीचा तोडा असला की बांधावर पोतं अंथरायचं, फोन द्यायचा. दोन-दोन तास पोर जागची हलायची नाही. विहिरीकडं जाईल ही धास्ती नाही की काही नाही.

त्या गुरुवारी दुपारी राजनंदिनी झोपेतून रडतच उठली.

"टमी," ती म्हणाली. "आजी, टमी."

भागूबाईच्या कुत्र्याचं नाव टॉमी. छबूबाईंनी तिला कडेवर घेतलं आणि कुत्र्यापुढं नेऊन उभं केलं. "ह्यो बग टॉमी. लाव हात."

पोर किंचाळली. "नो! टमी हर्ट्स!"

"हट म्हणतीया त्याला," भागूबाई म्हणाली. "भ्याली असंल." तिनं काठी उगारून कुत्र्याला हाकललं. पोर रडायची थांबेना.

घरी आणून छबूबाईंनी तिचं डोकं चाचपलं, कान पाहिले, पायात काटा आहे का पाहिलं. "काय व्हतंय बाळा? आजीला सांग की." पोर तेच तेच सांगत होती, आणि दर वेळी जास्त चिडत होती. शेवटी तिनं छबूबाईंचा हात झिडकारला. रेश्माचा फोन कामाच्या वेळेत कंपनीच्या गेटवर जमा. ज्ञानेशचा नुसता वाजत राहिला.

मग छबूबाईंनी रोजचंच केलं. कार्टून लावून फोन तिच्या हातात दिला. पोर हुंदके देत देत शांत झाली. छबूबाईंना हायसं वाटलं. त्या गाईंना वैरण टाकायला गेल्या, शेण उचललं, पाणी पाजलं. परत आल्या तेव्हा फोन चालूच होता. पोर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. गोधडीवर उलटी झाली होती आणि अंग तव्यासारखं तापलं होतं.

भागूबाईच्या मुलानं, दादासोनं, दोघींना मोटारसायकलवरून बारामतीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "कुठं दुखतंय गं, राणी?" "इंग्रजीच बोलती ती," छबूबाई म्हणाल्या. मग त्यांनी तेच इंग्रजीत विचारलं.

"टमी," राजनंदिनी क्षीण आवाजात म्हणाली.

"टमी म्हणजे पोट, आजी. कधीपासून म्हणतेय ही?"

छबूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सव्वापाच वाजले होते. "एक वाजल्यापासनं," त्या म्हणाल्या.

अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन लगेच करावं लागलं. रेश्मा कंपनीच्या कपड्यांतच धावत आली. पोरीला आत नेलं होतं. बाकावर बसलेल्या सासूजवळ येऊन ती म्हणाली, "आत्या, तिनं तुमाला काईच सांगितलं न्हाय का?"

"सांगितलं की गं," छबूबाई म्हणाल्या. "लई येळा सांगितलं."

पोर वाचली. आठव्या दिवशी घरी आली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मोबाइल बंद, घरातल्यांनी तिच्याशी सारखं बोलत राहायचं. फोन कपाटात गेला. चार दिवसांनी रेश्माची रजा संपली. भेंडी झाडावरच निबर होत होती, तरी छबूबाई शेताकडं फिरकल्या नाहीत. पोरीसमोर बसून त्या बोलत राहिल्या. ही गाय, ही वैरण, ही तुजी आजी. पोर भिंतीकडं तोंड करून पडायची.

एका दुपारी मात्र ती आपणहून बोलायला लागली. हातवारे करत, थांबत, पुन्हा सांगत. बराच वेळ. छबूबाईंना वाटलं, टाक्याला काही झालं असेल? त्यांनी तिला अलगद उचललं आणि रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. भागूबाईची नात मोना इंग्रजी शाळेत सहावीला होती. तिची बस यायची वेळ झाली होती.

मोना उतरताच त्या म्हणाल्या, "बाय, ही काय म्हणतीया तेवढं सांग. दुखतंय का कुटं?"

मोनानं दप्तर सावरत जरा वेळ ऐकलं.

"दुखत न्हाय काय, आजी."

"मग मला काय सांगतीया?"

"तुमच्याशी न्हाय बोलत ती," मोना म्हणाली. "मोबाइलच्या कार्टूनमधल्या पोरीशी बोलतीया. खेळायला ये म्हणतीया तिला."

बस धूळ उडवत पुढं गेली. राजनंदिनी छबूबाईंच्या खांद्यावरून मागं बघत बोलतच होती.

"व्हय," छबूबाई म्हणाल्या. "व्हय, बाळा." आणि तिला घेऊन घराकडं वळल्या.