डाव्या मुठीचा मुटका

निर्वासितांच्या कॅम्पात खेमीबाईच्या बराकीत चुलीवर भाकरी होई, डाळ होई, गोड मात्र कधी चढत नसे. फाळणीच्या वेळी कराचीच्या बंदरावरच्या गर्दीत तिची गरोदर लेक भगवंती हातातून सुटली होती. ती येईपर्यंत गोडाला विस्तव दाखवायचा नाही, असा या बाईचा नवस. पण पोट कुणाला चुकलंय? म्हणून खजूर, बदाम, खोबरं, खसखस उखळात कुटायची, मुठीत दाबून मुटके वळायचे आणि कॅम्पच्या बाजारात विकायचे. बाळंतिणी घेत, हमालही घेत.

कुटायला भिकी यायची, अंबरनाथपलीकडच्या पाड्यावरून पायी. कामाला वाघ, पण तोंड मुसळापेक्षा जोरात चालायचं.

रोजचा पहिला मुटका खेमीबाई डाव्या हातानं दाबी, कारण भगवंती डावखुरी. चिकट खजुरावर बोटांच्या खुणा उलट्या बाजूला उमटत. तो मुटका ती उंबऱ्याबाहेर ठेवी आणि थोड्या वेळानं तो तिथे नसे.

"कुत्रं खातंय गं बाय," भिकी म्हणे.

"मेरी भगवंती खाती है. जिंदा है वो!" खेमीबाई खेकसे.

भिकीच्या पाड्यावर उंबऱ्याबाहेरचा घास फक्त मेलेल्याला ठेवत. त्याच्याभोवती पाणी फिरवायचं आणि मागं न बघता आत यायचं. खेमीबाई पाणी फिरवत नसे, म्हणजे हा घास जित्या माणसाचा. भिकीनं मनाशी तसं पक्कं धरलं, आणि तिथेच फसली.

त्या थंडीत भिकीची लेक चंद्री बाळंत झाली. अंगावर दूध उतरेना. पोर ओढून ओढून दमायचं आणि रडायचंही विसरायचं. खेमीबाई जाताना चार मुटके बांधून देई, पण एकदा बाजारात खजूरच आला नाही. उरल्यासुरल्या खजुराचा एकच मुटका झाला आणि तो उंबऱ्यावर गेला. भिकीचा जीव कासावीस झाला. मेलेल्याचा वाटा असता तर तिनं बोट लावलं नसतं, ओल्या बाळंतिणीच्या तोंडी तर नाहीच. पण जित्याचा घास कुणाला बाधलाय? तिनं तो पदरात टाकला आणि घर गाठून चंद्रीला भरवला.

सकाळी चंद्रीची चोळी दुधानं भिजली होती. भिकीनं हरखून पोर पुढे केलं, तर चंद्रीनं ते हातानं मागे सारलं.

"हीउ मुंहिंजो नाहे."

हे माझं नाही, असंच काहीसं. आवाज चंद्रीचा, बोली कॅम्पातली सिंधी. चंद्रीनं तर कॅम्प कधी पाहिलाही नव्हता. भिकीनं तिच्यापुढे भात ठेवला. चंद्रीनं डाव्या हातानं घास घेतला, मुठीत घट्ट दाबला, आणि मूठ उघडली तेव्हा बोटांच्या खुणा उलट्या होत्या. भिकीनं ती मूठ ओळखली.

पोराला उराशी धरून तिनं लेकीला कॅम्पाकडे नेलं. नेलं कसलं, चंद्रीच पुढे होती. एकसारख्या बराकींमधून ती न विचारता वळत गेली आणि नेमक्या दारासमोर थांबली.

"अमां," तिनं हाक मारली.

खेमीबाईनं धावत येऊन तिला कवटाळलं. "आ गई! मेरी बच्ची आ गई!"

"ही माजी चंद्री हाय गं!" भिकीनं तिचे पाय धरले. "तुजा घास मी चोरला. सोड तिला. माजं पोर उपाशी मरंल!"

"नहीं दूँगी!" खेमीबाई ओरडली. तेवढ्यात बाळ रडलं, अगदी बारीक. चंद्रीची चोळी दुधानं ओली होत होती, पण तिनं मान वळवली नाही. खेमीबाईनं ते पाहिलं. तिनं लेकीचा चेहरा ओंजळीत घेऊन सिंधीत हळूच काही विचारलं. तुझं बाळ कुठाय, असंच असावं. उत्तरातला एकच शब्द भिकीला कळला, कारण तो तिच्याही बोलीतला होता. पाणी.

खेमीबाईच्या ओंजळीतून तो चेहरा सुटला. बंदरावर लेकीचा हात सुटला तो पाण्यातच, हे तिला कळलं. पोराचा आवाज बसत चालला.

"बाय," भिकी रडत म्हणाली, "जित्याचा घास लय दिवस ठेवलास. आता मेलेल्याचा ठेव. भवती पानी फिरव आन् मागं बघू नको."

खेमीबाईनं उखळाच्या तळाशी चिकटलेला खजूर खरवडला, डाव्या मुठीत दाबला आणि उंबऱ्याबाहेर ठेवला. तांब्यातलं पाणी त्याच्याभोवती फिरवलं. मग ती मागं न बघता आत आली. मान वळू नये म्हणून तिनं पदर दातांत धरला होता.

"आये," चंद्री म्हणाली, "ह्यो कंचा गाव? आन् पोर का रडतंय?" तिनं उजवा हात पुढे करून बाळ घेतलं आणि छातीला लावलं.

खेमीबाई त्या दोघांकडे पाहत राहिली. मग आत वळली आणि चुलीवर तूप-रवा चढवला. लेक आली की गोडाला विस्तव दाखवीन, असा नवस होता. लेक तर येऊन गेली होती.