सवाष्णीच्या वेळचा आवाज

सकाळी आठच्या सुमाराला मयुरा कैनाडच्या वाडीवर पोचली, तेव्हा वसुमती ड्रममधल्या पाण्यात चिकू चोळून धूत होती. चिकू निवडायच्या त्या खोलीत एक दार, एक झरोका आणि भिंतीला टेकून रिकामी खोकी.

"बस, बाय. आज मशीन आणलंस की नुसते प्रश्न?"

"नुसते प्रश्न, काकी."

मयुरा डहाणूच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, संख्याशास्त्राची पदवीधर. हळदीची गाणी गाताना बायका जागच्या जागी नव्या ओळी कशा रचतात, यावर ती मुंबईत पीएच.डी. करत होती. चार वर्षांत तिने वसुमतीची एक्केचाळीस गाणी ध्वनिमुद्रित केली होती. चाल तीच असायची. पण वसुमती समोर बघायची आणि ओळ बदलायची. कुणाची करवली रुसली, कुणाचा मामा मांडवातच घोरायला लागला, सगळं गाण्यात यायचं. मयुराने मोजलं होतं: दहा ओळींत सहा अगदी कोऱ्या. २०१७ साली वसुमतीचे यजमान श्यामकांत वारले. त्यानंतर हे प्रमाण दहात एकावर आलं. प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यात मयुराने कारण लिहिलं होतं, 'शोकाचा परिणाम'. आज ते पक्कं करायचं होतं.

मयुराने ते वाचून दाखवलं, तशी वसुमती हसली. "दुःख गाण्याला कुठे नडतं गो? आधी मी मांडवात बसून गायचे. आता मला कोण बोलावतं? तू या खोलीत बसवून गायला लावतेस. समोर भिंत. भिंतीला मामा नाही, मावशी नाही. काय रचू?"

मयुराने वहीतली ओळ खोडली.

"माझ्या लेकीची, पूर्वीची, हळद पंधरा दिवसांवर आली," वसुमती म्हणाली. "सासूबाईंकडे एवढंच मागितलंय की मला दारात उभी राहू द्या. दारातून दिसेल तेवढ्यावर लेकीचं गाणं रचीन."

तेवढ्यात सासू रखमाबाई आणि धाकटा दीर यतीन आत आले.

"मयुराबेन, बरं झालं भेटलात," यतीन म्हणाला. "आमच्या बहिणीच्या, विनिताच्या लग्नातलं गाणं आहे ना तुमच्याकडे? २०१५चं? पूर्वीच्या हळदीला स्पीकरवर लावायचंय."

"पण काकी आहेत ना इथे."

"ती आहे गो," रखमाबाई म्हणाल्या. "तिचं कुंकू आहे काय? तो आवाज माझा श्याम होता तेव्हाचा. सवाष्णीचा. त्यात श्यामचं हसू पण आहे."

वसुमतीचे हात पाण्यातच राहिले.

"आणि विनिताच्या जागी पूर्वीचं नाव टाका," यतीन म्हणाला. "कॉम्प्युटरवर होतं ना तसं?"

मयुराने तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण 'होईल का?' या प्रश्नाने तिला धरलं. वर मनाची समजूतही तयार होती, निदान काकींचा आवाज तरी मांडवात असेल. तीन दिवस ती जुनी ध्वनिमुद्रणं चाळत राहिली. एका गाण्याच्या मध्येच वसुमतीने हाक मारली होती, "पूर्वी, पाणी आण गं!" मयुराने तेवढं नाव कापलं, पट्टी जुळवली, तालात बसवलं. जोड कुठे आहे ते तिला स्वतःलाही ओळखू येईना. तिला त्याचा अभिमान वाटला.

हळदीच्या सकाळी मांडवाच्या चारही खांबांना स्पीकर बांधले होते. चिकूच्या खोलीला बाहेरून कडी होती.

"काका, हे काय?" मयुराने यतीनला विचारलं.

"अहो, मुलाकडचे जुन्या वळणाचे आहेत. वहिनी अचानक समोर आल्या तर? दोन तासांचा तर प्रश्न आहे. आत पंखा लावलाय मी."

गाणं सुरू झालं. पाटावर बसलेल्या पूर्वीच्या गालांना सवाष्णी हळद लावू लागल्या. तिसऱ्या ओळीत तिचं नाव आलं आणि तिची मान झटकन वळली. स्पीकरकडे नव्हे, खोलीकडे.

"आई बोलावतेय."

"गाणं आहे गो ते," रखमाबाई म्हणाल्या.

"नाही आजी. पाणी मागताना आई अश्शीच हाक मारते." ती उठू लागली. रखमाबाईंनी तिच्या खांद्यावर हात दाबला.

"बस खाली. अंगाला हळद लागल्यावर पाटावरून उठत नाहीत."

पूर्वी बसली. तिच्या डोळ्यांतलं पाणी हळदीत उतरलं. "आत्तापासून रडतेस? पाठवणीला काय उरेल?" एक मावशी म्हणाली आणि बायका खिदळल्या.

स्पीकरवर वसुमती रंगात आली होती:

मांडवाच्या दारी उभा कोण भोळा,
पाहुण्यांच्या लाडवांवर श्यामकांताचा डोळा!

लगेच पुरुषी हसू घुमलं, "अगं, एकच खाल्ला!"

रखमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "बघा, बाप आला लेकीला आशीर्वाद द्यायला." सगळ्यांनी हात जोडले. मेलेल्या बापाला मांडवात मान होता. जिवंत आई कडीच्या आत होती.

मयुराने जाऊन कडी काढली. वसुमती खोक्यावर बसली होती.

"नाव झकास बसवलंस," ती म्हणाली. "ओळखलं मी. घसा सुकला होता माझा त्या दिवशी."

"काकी, चला बाहेर. आत्ताच्या आत्ता."

"आणि पुढे तिच्या सासरी दूध नासलं तरी माझ्यावर घालतील. सोसेल कोण? पूर्वी." तिने पंखा बंद केला. "तू पहिल्या दिवशी एक कागद वाचून दाखवला होतास. गाणारीला वाटलं तर आवाज कधीही परत मागता येतो, म्हणून. ते खरं होतं की सहीपुरतं?"

"खरं होतं."

"मग परत दे. सगळा."

एक्केचाळीस गाणी. चार वर्षं. जूनमध्ये प्रबंध द्यायचा होता. मयुराच्या तोंडून निघून गेलं, "काकी, फक्त आजचं बंद केलं तर?"

वसुमतीने तिच्याकडे बघितलं. "तुला पण नुसता आवाजच हवाय ना, बाय?"

मयुरा मांडवात गेली आणि चालू ओळीतच पेनड्राइव्ह उपसला.

"ओ, काय केलंत?" यतीन धावला.

"ज्यांचा आवाज होता, त्यांनी परत मागितलाय."

"गा गो कुणीतरी!" रखमाबाई बायकांवर ओरडल्या. दोघी-तिघींनी सुरुवात केली. दुसऱ्या ओळीपलीकडे कुणाला काही येईना. आजवर पुढची ओळ वसुमतीच देत आली होती. शेवटी यतीनने मोबाइल जोडून सिनेमाचं गाणं लावलं. पोरं नाचू लागली. पूर्वी पिवळ्या अंगाने उघड्या दाराकडे बघत राहिली. दारात कुणी आलं नाही.

मार्गदर्शक म्हणाले, संमतीपत्र हा उपचार असतो, एवढं मनावर घेऊ नकोस. मयुराने एक्केचाळीसही फाइली पुसल्या आणि प्रबंधासाठी वर्षभराची मुदत मागून घेतली.

हळदीची गोष्ट मात्र पंचक्रोशीत पसरली, तीही वेगळ्याच अंगाने. महिन्याभरात तेच गाणं मागणारे तीन फोन आले. तिसरा झरीहून, एका शिक्षिकेचा. बोलणं फार अदबीचं.

"मॅडम, ते सवाष्णीच्या वेळचं गाणं मिळेल का? आमच्याकडे गाणारी मावशी आहे हो, पण तिचं... तुम्ही समजू शकता."

"फाइल नाही माझ्याकडे," मयुरा म्हणाली. "बाई आहे. कैनाडला असते. मांडवात समोर बसवलंत तर दहांतल्या सहा ओळी नव्या गाईल. नंबर लिहून घेता?"

पलीकडून फोन कट झाला.

मयुराने नवी वही काढली आणि पहिल्या पानावर फोन आलेल्या त्या तीन घरांची नावं-गावं लिहिली. तिन्ही मांडवांत तिला लग्नाआधी जायचं होतं, आणि एकटीने नव्हे, वसुमतीला बरोबर घेऊन.